सप बोर्डाची लीश: लाटेसाठी वेगळी, खाडीसाठी वेगळी

सप (स्टँड-अप पॅडल), म्हणजे उभं राहून पॅडलने वल्हवायचा बोर्ड, घेताना लिटर किती, रुंदी किती, फिन (तळाची पाती) एक की तीन, पॅडल कार्बनचं की फायबरचं, यावर माणसं महिनाभर खल करतात. लीश, म्हणजे बोर्ड तुमच्याशी बांधून ठेवणारी दोरी, मात्र बोर्डाच्या पिशवीतून जी निघेल ती. ही फुकटची लीश बहुतेक वेळा जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची असते. शांत तलावावर ती ठीक आहे. तीच घेऊन लाटेवर गेलात तर बोर्ड तुमच्याच अंगावर येतो. आणि घोट्याला बांधून ओहोटीच्या खाडीत उतरलात तर त्याहून वाईट होऊ शकतं.

सगळा लेख एका गोष्टीभोवती आहे, ती आधीच सांगतो. लाटेत लीश तुटता कामा नये. वाहत्या पाण्यात ती एका झटक्यात सुटली पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या उलट आहेत, त्यामुळे दोन्हीकडे चालेल अशी एकच लीश शोधण्यात अर्थ नाही. आपल्या किनाऱ्यावर तर हे विशेष खरं. तारकर्ली-देवबागला एका बाजूला समुद्राची लाट आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. गोव्यात मोरजीला समुद्र आणि शापोरा नदीचं मुख शेजारीशेजारी. सकाळी लाट आणि उन्हं वर आल्यावर खाडी असा बेत सहज होतो. बेत चांगला आहे, फक्त पिशवीत दोन लीश हव्यात.

आधी पाणी बघा

उतरण्याआधी दोन प्रश्न: इथे लाट फुटते का? इथे पाणी वाहतं का?

लाट फुटते, पाणी फारसं वाहत नाही: पायाला बांधायची सरळ, जाड लीश.

पाणी वाहतं, किंवा पाण्यात खुंटे, जाळी, नांगराच्या दोऱ्या, पुलाचे खांब, झाडांची मुळं असं काही अडकण्याजोगं आहे: कमरेला बांधायची, ओढताक्षणी सुटणारी लीश.

लाट नाही, प्रवाह नाही, म्हणजे पवना-मुळशीसारखं धरणाचं पाणी किंवा बंदिस्त शांत खाजण: वेटोळ्यांची लीश. ती डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, गोळा होऊन राहते, पाण्यात लोंबत नाही, त्यामुळे बोर्डाला ओढ बसत नाही.

‘शांत पाण्यावर लीश कशाला, मला पोहता येतं’ असं म्हणणारे खूप भेटतात. पोहता येण्याचा इथे संबंध नाही. कोकणात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. तुम्ही पाण्यात पडता, बोर्ड हलका आणि पाण्याच्या वर, त्याला वारा धरतो आणि तो तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने बाहेर निघतो. दुपारी खारे वारे सुटले की तो परत येईलही, पण तोवर तुम्ही कशाच्या आधाराने तरंगणार? सप बोर्ड हेच तुमचं सगळ्यात मोठं तरंगतं साधन, आणि लीश हा त्याच्याशी असलेला एकमेव दुवा. लाइफ जॅकेट लीशच्या जागी नाही आणि लीश लाइफ जॅकेटच्या जागी नाही.

लाटेसाठी सरळ लीशच का

बोर्ड लाटेत सापडतो तेव्हा पाणी त्याला किनाऱ्याकडे खेचतं आणि तुम्ही पाण्याखाली जागच्या जागी असता. लीश ताणली जाते. लाट पुढे गेली की ताण एकदम सुटतो आणि लीशमध्ये साठलेली सगळी ओढ बोर्डाला तुमच्याकडे फेकते. वेटोळ्यांच्या लीशमध्ये हा झटका जास्त असतो, कारण ती आधी उलगडते, मग ताणते आणि मग पुन्हा आवळते. वर वेटोळी पायात, फिनमध्ये, पॅडलच्या दांड्याभोवती गुंतायला तयारच असतात.

हा धोका कल्पनेतला नाही. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचे जॅक ओनील, वेटसूटमुळे (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखामुळे) ज्यांचं नाव सगळीकडे झालं, त्यांचा मुलगा पॅट यानेच १९७१च्या सुमारास सुरुवातीच्या लीशवर प्रयोग केले. तेव्हा दवाखान्यातली लवचीक रबरी नळी वापरत. अशाच लीशने परत फेकलेला बोर्ड लागून जॅक यांचा डावा डोळा गेला. पुढच्या काळात रबर मागे पडलं आणि कमी ताणणारी, ताण हळू सोडणारी युरेथेन या प्लॅस्टिकची दोरी आली. आजची प्रत्येक बरी लीश युरेथेनचीच असते. पण युरेथेन ताणतच नाही असं समजू नका. ताणतं, आणि ताणायलाच हवं, नाहीतर सगळा झटका तुमच्या घोट्याला आणि बोर्डाच्या प्लगला, म्हणजे लीश जिथे अडकवतात त्या जागेला, बसेल.

काही लीश अर्ध्या सरळ, अर्ध्या वेटोळ्यांच्या असतात. मऊ, कंबरेएवढ्या लाटांवर अशी लीश चालून जाते. माझ्या मते मात्र ती ‘दोन्हीकडे चालेल’ या मोहातून जन्मलेली वस्तू आहे आणि दोन्हीकडे दुय्यमच ठरते. पैसे एकदाच घालायचे असतील तर सरळ लीशवर घाला.

लांबी

सर्फिंगमधला साधा नियम: लीश बोर्डाएवढी किंवा थोडी जास्त. लाटेवरचे सप बोर्ड साधारण ८ ते साडेनऊ फुटांचे असतात, त्यामुळे ९ किंवा १० फुटी लीश लागते. १० फुटांच्या वरच्या, सगळीकडे चालणाऱ्या बोर्डाला १० फुटी पुरते.

आखूड लीश घेतली की ती पाण्यात कमी लोंबते, म्हणून लहान लाटांत काही जण मुद्दाम एखादा फूट कमी घेतात. सवय झालेल्याने घ्यावी. नवशिक्याने नको, कारण आखूड लीशचा बोर्ड पडल्यापडल्या डोक्याजवळच असतो. उलट गरजेपेक्षा लांब लीश फिनभोवती फिरते आणि दर वळणाला मागून कोणीतरी ओढतंय असं वाटत राहतं.

लांबी ठरवताना आणखी एक हिशेब डोक्यात हवा. ९ फुटी बोर्ड आणि ९ फुटी लीश म्हणजे तुमच्या घोट्यापासून बोर्डाच्या टोकापर्यंत १८ फूट, साडेपाच मीटर. लीश ताणली की त्याहूनही जास्त. या घेरात असलेलं कोणीही, पोहणारं मूल असो की दुसरा सर्फर, तुमच्या बोर्डाच्या टप्प्यात आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीत अश्वे किंवा मांद्रेच्या किनाऱ्यावर लाट घेताना मागे-पुढे एवढी मोकळी जागा आहे का, ते आधी बघा. नसेल तर दोनशे पावलं चालून पुढे जा. गोव्याचे किनारे लांब आहेत.

जाडी

साध्या सर्फबोर्डाचं घनफळ २५-३५ लिटर, सपचं १००च्या आसपास किंवा वर. फुटलेल्या लाटेला पकडायला कितीतरी मोठी वस्तू मिळते, म्हणून सर्फबोर्डाची ५-६ मिलिमीटरची लीश सपला लावू नका. लांबी जुळली तरी नको. सपसाठी ७ मिलिमीटर ही सुरुवात समजा. तुमचं वजन ८५ किलोच्या पुढे असेल, बोर्ड जड असेल किंवा डोक्याएवढ्या लाटांवर जाणार असाल तर ८ मिलिमीटर घ्या. जाड लीश पाण्यात थोडी जास्त ओढते, हे खरं. पण दोनशे मीटर आत लीश तुटली की पोहत यायचं तुम्हाला असतं आणि बोर्ड तेवढ्यात कातळावर जाऊन आपटलेला असतो. शिवाय मोकळा सुटलेला ८-९ किलोचा बोर्ड किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या लोकांच्या गुडघ्यांवर जातो. ओढ परवडली.

घोटा की पोटरी

साध्या सर्फिंगमध्ये घोटा हे ठरलेलं आहे. सपवर फरक पडतो. पॅडल मारताना तुम्ही दोन्ही पाय शेजारी ठेवून समोर तोंड करून उभे असता, लाट आली की एक पाय मागे टाकता, गरज पडली तर पुढे-मागे चालता. घोट्याची लीश डेकवर लोळते आणि नेमकी पाय टाकायच्या जागी येते. गुडघ्याखाली, पोटरीच्या वर बांधायची लीश थोडी उचललेली राहते आणि पायात कमी येते. ९ फुटांपुढच्या बोर्डावर मी पोटरीवाली सुचवेन. लहान, वळणाऱ्या बोर्डावर घोट्याची चालते.

पोटरीवाल्या लीशचा पट्टा मोठ्या घेराचा असतो. घोट्याची लीश ओढूनताणून पोटरीला बांधू नका. वेल्क्रो पुरतं एकमेकांवर येत नाही आणि पहिल्याच मोठ्या लाटेत उघडतं.

बांधायची मागच्या पायाला. मागचा पाय कोणता हे माहीत नसेल तर मित्राला पाठीमागून न सांगता हलका धक्का द्यायला सांगा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा, दुसरा मागचा.

दुकानात हातात घेतल्यावर

पट्टा किमान दोन इंच रुंद, आतून मऊ निओप्रीनचा आणि वेल्क्रोचा दुहेरी विळखा असलेला घ्या. वेल्क्रो उघडायची जीभ ओल्या हातानेही चटकन पकडता आली पाहिजे, आणि बांधल्यावर पायाच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजे.

फिरकी, म्हणजे स्विव्हल, दोन्ही टोकांना हवी: एक पट्ट्याजवळ, एक बोर्डाजवळ. बोटाने फिरवून बघा, अडखळली तर ठेवून द्या. एकच फिरकी असलेली लीश स्वस्त मिळते, पण पीळ पडून पायाभोवती आवळते.

युरेथेनची दोरी दोन्ही टोकांना जाड साच्यात शिरते. लीश बहुधा इथेच तुटते. हा सांधा दुमडून बघा. साचा हळूहळू निमुळता होत दोरीत उतरला असेल तर ताण विभागला जातो. एकदम संपत असेल तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो.

बोर्डाकडच्या टोकाला कापडी रुंद पट्टा असतो, तो रेल सेव्हर. लीशला झटका बसताना बोर्डाची कड कापली जाऊ नये म्हणून तो कडेवर टेकतो. सपसाठी लांब आणि रुंद रेल सेव्हर बघून घ्या. आखूड रेल सेव्हरची लीश जोरदार आपटीत बोर्डाच्या फायबरमध्ये खाच पाडते आणि मग आत पाणी शिरतं.

खाडी, नदी आणि सुटणारी लीश

आता दुसरं पाणी. वाहत्या पाण्यात लीश खुंटाला किंवा जाळ्याच्या दोरीला अडकली की बोर्ड एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला आणि दोघांनाही प्रवाह खाली खेचतोय, अशी अवस्था होते. लीश घोट्याला असेल तर पाय वरच्या अंगाला रोखलेला आणि शरीर प्रवाहाच्या दिशेने ताणलेलं राहतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अशा वेळी वाकून घोट्यापर्यंत हात नेणं धडधाकट माणसालाही जमत नाही. पोहणं येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफोर्डवेस्ट इथे पुराने भरलेल्या क्लेडाउ नदीत सप करणाऱ्या गटातले चौघे बंधाऱ्यावर मृत्युमुखी पडले. कारणं अनेक होती. नदीची ती अवस्था बघता तिथे उतरायलाच नको होतं. पण लीश कोणत्या पाण्यात कोणती असावी, हा प्रश्न त्यानंतर ब्रिटनमध्ये ऐरणीवर आला. तिकडे राहणाऱ्या आणि सप करणाऱ्या मराठी वाचकांना तिथल्या क्लबमध्ये वाहत्या पाण्यासाठी कमरेच्या सुटणाऱ्या लीशचा आग्रह दिसेल. आपल्याकडे पंचगंगा, कृष्णा, वारणेवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी आहेत. पाणी वरून किंवा मोऱ्यांतून वाहत असताना त्यांच्या जवळपास सप घेऊन जाऊ नका. कोणतीही लीश तिथे उपयोगाची नाही.

कोकणातल्या खाड्यांत प्रवाह भरती-ओहोटीचा असतो. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. या काळात पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं, शेवटी पुन्हा थोडं. म्हणजे सुकती (ओहोटी) लागल्यावर दोन तासांनी खाडी सगळ्यात जोरात धावते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर वाढतो, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत कमी असतो. त्यात खाडीत डोल (पिशवीसारखी जाळी) लावायचे खुंटे असतात, नांगरलेल्या होड्यांच्या दोऱ्या असतात, आणि भरतीत पाण्याखाली जाणारी जाळी वरून दिसत नाहीत. स्थानिक कोळ्याला किंवा होडीवाल्याला ‘दादा, जाळी कुठे लावलीत?’ एवढं विचारलं तरी निम्मा धोका टळतो. जाळ्यांचं नुकसान होत नाही हा वरचा फायदा.

कमरेची लीश अशी असते: रुंद पट्टा, पुढे एक बकल, त्यावर ओढायची गाठ किंवा गोळा. गोळा ओढला की पट्टा उघडतो, लीशची कडी पट्ट्यावरून घसरते आणि बोर्ड मोकळा होतो. बांधताना चार गोष्टी सांभाळा.

पट्टा लाइफ जॅकेटच्या वरून यायला हवा. जॅकेटखाली गेला तर गोळा सापडत नाही.

गोळा पोटासमोर, कडी पाठीकडे किंवा बाजूला. दोन्ही हातांपैकी कोणत्याही हाताने गोळा ओढता आला पाहिजे, कारण एका हातात पॅडल असू शकतं.

पट्ट्याचं लोंबणारं टोक लुपांमध्ये ओवून बंद करू नका. ते अडकलं की कडी घसरत नाही. याच कारणाने साध्या पँटच्या बेल्टला किंवा जॅकेटच्या न सुटणाऱ्या बकलला लीश लावणं म्हणजे घोट्याला बांधण्यासारखंच.

आणि सराव. किनाऱ्यावर मित्राला लीश जोरात ओढून धरायला सांगा, डोळे मिटा, गोळा ओढा. मग कमरेएवढ्या पाण्यात तेच करा. ताण नसताना सुटणारा पट्टा ताणाखाली अडकू शकतो, म्हणून ताणाखालीच बघायचं. दर मोसमात एकदा हे करावंच. नव्या पट्ट्याबरोबर तर पहिल्याच दिवशी.

नदीच्या मुखावर लाट आणि प्रवाह दोन्ही असतात. देवबागच्या संगमावर तसंच. इथे माझं मत सरळ आहे: सुकतीच्या जोरात मुखावर लाट घ्यायला जाऊ नका. भरतीच्या शेवटी, पाणी थबकलेलं असताना, पायाची लीश चालते. त्या वेळेपलीकडे जायचं असेल तर कमरेची.

बांधणी

बोर्डाच्या शेपटाकडे डेकवर एक वाटीएवढा खड्डा असतो, त्यात आडवी पिन असते. तो प्लग. लीश थेट पिनला नाही, तर दोरीच्या फासाला लावतात. हा फास कसा आहे यावर लीशचं आयुष्य आणि बोर्डाची कड, दोन्ही अवलंबून असतं, आणि नेमकी हीच गोष्ट कोणी बघत नाही.

१. ३-४ मिलिमीटरची विणलेली नायलॉन किंवा पॉलिस्टरची दोरी घ्या. पॅराशूट कॉर्ड उत्तम. वाणसामानाच्या दुकानातली सुतळी किंवा प्लॅस्टिकची पिळाची दोरी नको.

२. वीतभरापेक्षा थोडा जास्त तुकडा कापा, टोकं लायटरने वितळवून बंद करा, दोन्ही टोकं एकत्र धरून दुहेरी गाठ मारा. गाठ हाताने जेवढी आवळता येईल तेवढी आवळा, मग पकडीने आणखी.

३. गाठ नसलेलं टोक पिनखालून घाला. जागा अरुंद असते, वाकवलेली पेपरक्लिप कामाला येते. त्या टोकाच्या फासातून गाठीकडचं टोक ओवून ओढा. पिनभोवती फास आवळला जातो.

४. फास शेपटाच्या कडेकडे ताणून धरा. तो कडेच्या एक-दोन बोटं अलीकडेच संपला पाहिजे. कडेपलीकडे गेला तर ताणाखाली ही बारीक दोरीच बोर्ड कापेल आणि रेल सेव्हर हवेत लोंबत राहील. लांब झाला तर गाठ सोडून पुन्हा मारा. कंटाळा करू नका.

५. रेल सेव्हरचे सगळे वेल्क्रोचे थर उघडा. आतला अरुंद थर फासातून ओवा, दुमडून चिकटवा, मग त्यावर बाहेरचे थर एकामागोमाग. थरांमध्ये वाळूचा कण राहू देऊ नका.

६. बोर्ड पायाने दाबून धरा आणि लीश दोन्ही हातांनी जोरात ओढा.

हवा भरायच्या बोर्डाला प्लगऐवजी धातूची डी-कडी असते. तिथेही हाच फास चालतो. कडी ज्या तुकड्यावर चिकटवली आहे त्याच्या कडा उचलल्या आहेत का ते बघत जा, कारण तिथे दोरी नाही, गोंदच सुटतो.

पायाचा पट्टा ओल्या त्वचेवर नाही, पुसलेल्या पायावर बांधा. दोरी निघते ती जागा मागे आणि किंचित बाहेर वळलेली हवी, म्हणजे दोन पायांमध्ये येणार नाही. घट्टपणाची परीक्षा: एक बोट आत जावं, दोन जाऊ नयेत. आणि पाण्याच्या कडेला पोहोचेपर्यंत लीश बांधू नका. वाळूतून फरफटत नेलेली लीश स्वतःच्या वेल्क्रोत अर्धा किनारा घेऊन येते, शिवाय चालताना पाय अडकून पडायला होतं.

पडल्यावर

लीश आहे म्हणून बोर्ड सोडून पाण्यात उडी मारायची, ही सवय सपवर सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त इजाही तीच करते. मागे कोणी असेल तर बोर्ड सोडायचा नाही, शेपूट किंवा कड हाताने धरून ठेवायची. सोडायलाच लागला तर बोर्ड किनाऱ्याच्या बाजूला आणि तुम्ही समुद्राच्या बाजूला. बोर्ड लाट आणि तुमच्या मध्ये आला की लाट तो तुमच्यावरच आणते.

पडताना सपाट पडा, बोर्डापासून लांब. वर येताना एक हात डोक्यावर, कोपर पुढे. डोकं बाहेर आलं की आधी बोर्ड कुठे आहे ते बघा, मग श्वास, मग पॅडल. लीश ओढून बोर्ड जवळ घ्यायचा असेल तर ती मुठीभोवती गुंडाळू नका. पुढची लाट आली तर बोटं जातात. रेल सेव्हरपर्यंत पोहोचा आणि तो धरा.

दर वेळी उतरण्याआधी

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पट्ट्यापासून रेल सेव्हरपर्यंत दोरीवरून ओला अंगठा फिरवा. नखाला लागेल अशी एकही खाच असेल तर ती लीश आज लाटेवर जाणार नाही. ताणलेल्या युरेथेनमध्ये लहानशी खाच झर्रकन आरपार जाते. आपल्याकडे खाचा बहुतेक कालवांनी होतात. कातळावर चिकटलेल्या कालवांची धार पात्यासारखी असते आणि उथळ पाण्यात बोर्ड उचलताना लीश त्यांच्यावरून घासली जाते. दुसरं कारण तुमच्याच बोर्डाचे फिन.

मग दोन्ही साचे दुमडून बघा. पांढरट रेघ दिसली तर ती चिरेची सुरुवात आहे. फिरक्या फिरवा. प्लगमधली दोरी कुठे केसाळ झाली आहे का, गाठ सरकली आहे का? लीश जमिनीवर पसरून बोर्डाशी ताडून बघा: घेतली तेव्हापेक्षा लांब झाली असेल आणि मध्येच कुठे बारीक दिसत असेल तर ती कायमची ताणली गेली आहे.

धुणं आणि ठेवणं

गोड्या पाण्याने धुवा, प्रत्येक वेळी, फक्त दोरी नाही तर फिरक्या फिरवत-फिरवत. फिरकीत अडकलेलं मीठ वाळलं की स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात आणि मग ती जागच्या जागी घट्ट होते. तेल किंवा ग्रीस घालू नका, त्याला वाळू चिकटून काम आणखी बिघडतं. जेटीजवळ पाण्यावर डिझेलचा तवंग असेल तर सौम्य साबणाने धुवा.

वेल्क्रोतली वाळू, केस, शेवाळ जुन्या दातांच्या ब्रशने काढा आणि वाळल्यावर तो बंद करूनच ठेवा. उघडा ठेवला तर पिशवीतल्या लायक्राच्या टी-शर्टला चिकटून दोघांचीही वाट लागते.

वाळवायची सावलीत. ऊन युरेथेन कडक करतं, हे दोरी पिवळी पडू लागली की डोळ्यांनी दिसतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत लीश ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य मुद्दाम कमी करणं.

ठेवताना सर्वांत वाईट सवय म्हणजे लीश फिनभोवती करकचून गुंडाळणं. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण दोरीला कायमचे मोड पडतात, फिनची धार तिला टोचते आणि पुढच्या वेळी ती पाण्यात सरळ होतच नाही. रेल सेव्हरने खिळ्याला टांगा, दोरी सरळ खाली सोडा. जागा नसेल तर हातभर घेराच्या सैल कड्या करा. मोड पडलेच असतील तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सावलीत टांगून ठेवा, बरेचसे निघतात. उकळतं पाणी नको.

पावसाळ्यात, जून-जुलैत मासेमारीसुद्धा बंद असते, तेव्हा खवळलेल्या समुद्रात सप घेऊन कोणी शहाणा जात नाही. लीश धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवा, नाहीतर कोकणातल्या दमटपणात पट्ट्याच्या निओप्रीनला बुरशी धरते. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा काढाल तेव्हा प्लगची दोरी नवीनच बांधा. तिची किंमत काहीच नसते आणि ती आतल्या बाजूने कधी कमकुवत झाली ते कळत नाही.

बदलायची कधी

आठवड्यातून दोन-तीनदा लाटेवर जात असाल तर वर्षभराने लीश बदला, ती चांगली दिसत असली तरी. कधीतरी जाणाऱ्याने तारखेपेक्षा खाच, चीर, ताण आणि वेल्क्रो यांच्यावर विश्वास ठेवावा. मोठ्या लाटेत एकदा जबर ताण बसला, बोर्ड कातळात अडकून लीशने ओढावा लागला, तर त्या लीशला शांत पाण्यावर निवृत्त करा. वेल्क्रो बंद केल्यावर जीभ धरून ओढताना चरचर आवाज न होता सहज निघाली तर पट्टा संपला.

कमरेच्या लीशमध्ये पट्ट्याची वीण, बकल आणि कडी बघायची. कडीला गंज दिसला तर बदला, कारण खरखरीत कडी घसरत नाही.

लाटेवर जाताना गाडीत एक जादा लीश आणि प्लगसाठी दोन तयार फास ठेवावेत. तुटलेल्या युरेथेनला गाठ मारून वेळ भागवू नका: गाठीत दोरी स्वतःलाच कापते आणि ओली झाली की सरकते. जुन्या लीशचा रेल सेव्हर आणि फिरक्या चांगल्या असतील तर त्या काढून ठेवा, वेल्क्रोचा पट्टा गाडीच्या टपावर पॅडल बांधायला चालतो. उरलेली दोरी मात्र मध्येच कापून टाका, म्हणजे घाईत पिशवीतून तीच हाताला लागून कोणी ती पायाला बांधणार नाही.